चार वाजता सगळी भाईर

अण्णासो कांबळेचा आवाज मुळात बारीक. चंदगडच्या डोंगरात वाढलेला माणूस. तिकडं चार महिने पत्र्यावर पाऊस वाजतो, त्यात बोललं काय आणि न बोललं काय, सारखंच. म्हणून आमच्याकडची माणसं गप्प बसायला शिकतात, असं तो स्वतःच सांगायचा. आणि असा माणूस नशिबानं आणून टाकला कुठं, तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात. तिथं एका अंगाला लेथ, दुसऱ्या अंगाला ग्राइंडर, आणि मधली माणसं अशी, की 'पावणं, च्या घेणार काय?' एवढं विचारलं तरी नवख्याला वाटावं, आता मारामारी होतीय.

समाजकल्याणच्या वसतिगृहात राहून तो बी.कॉम. झाला, टायपिंगच्या परीक्षा दिल्या आणि बाळासोंच्या दुकानात टायपिस्ट म्हणून चिकटला. दुकान ऑइल इंजिनच्या सुट्या पार्टांचं, घाऊक. पिस्टन, रिंगा, नोझल, बेअरिंग. पार कर्नाटकातनं गिऱ्हाइकं यायची. समोरच्या दुकानदारानं कॉम्प्युटर घेतला म्हणून सत्त्याण्णव साली बाळासोंनीही घेतला, आणि घेतल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की ह्याचं करायचं काय हे कुणालाच ठाऊक नाही. टायपिंग येतंय तर हेही येईल, या हिशेबानं त्यांनी अण्णासोला क्लासला धाडला. पठ्ठ्यानं मन लावून अ‍ॅक्सेस नावाचं नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर शिकून घेतलं आणि वर्षभर खपून दुकानातला सगळा माल त्यात बसवला. कुठला पार्ट, कुठल्या फळीवर, किती नग, कुणी नेला. लोक त्याला 'अण्णाचा प्रोग्राम' म्हणायचे. अण्णासो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा, पण कान लाल व्हायचे.

पुढं एकाचे चार कॉम्प्युटर झाले. एक काउंटरवर, एक मागं गोडावूनात, एक माडीवर हिशेबाला आणि एक बाळासोंच्या केबिनमध्ये. फाइल मात्र एकच, केबिनमधल्या मशीनवर ठेवलेली, आणि चौघं एकदमच तिच्यात हात घालणार. एका परातीत चौघं जेवायला बसली की कुणाचा तरी हात कुणाच्या तरी आमटीत जातोच. दुपार कलली की फाइल सुजायची, स्क्रीन अडखळायची, आणि एखाद्या दिवशी तर बिलाच्या जागी नुसत्या किडामुंग्या दिसायच्या. औषध एकच. सगळ्यांनी प्रोग्राम बंद करून बाहेर यायचं, अण्णासोनं फाइल दाबून आवळून नीट करायची, मग पुन्हा सगळ्यांनी आत जायचं. त्याला तो कॉम्पॅक्ट करणं म्हणायचा. एक जण जरी आत राहिला, तरी ती फाइल हात लावू द्यायची नाही.

आता या लोकांना बाहेर काढायचं कसं? अण्णासोचा आवाज हा असा. तो चारी ठिकाणी जाऊन हात जोडायचा, आणि चौथ्यापाशी पोचेपर्यंत पहिला परत आत शिरलेला असायचा. शेवटी वैतागून त्यानं अंगणातल्या बदामाच्या झाडाला गोडावूनात पडलेला एक जुना कनेक्टिंग रॉड, म्हणजे इंजिनातला लोखंडी दांडा, टांगला आणि रोज चार वाजता त्याच्यावर पाना हाणायला सुरुवात केली. टणटणटण. 'सगळी भाईर!' असं तो वर ओरडायचाही, पण ते ओरडणं रॉडलाच ऐकू जात असावं. ठोका पडला की समोरचा चहाच्या गाड्यावरचा गुंडू ट्रे भरून आत यायचा. फाइल आवळून होईतोवर सगळं दुकान बदामाखाली उभं राहून चहा प्यायचं.

त्या रॉडची गोष्ट सांगितल्याबिगर पुढं जाता येत नाही. बाळासो आणि कृष्णात हे दोघे सख्खे भाऊ, दुकान दोघांचं. त्यांच्या वडलांनी हयातीत दुरुस्त केलेलं पहिलं इंजिन दुकानाच्या दारातच ठेवलेलं होतं. पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा टेबलाला जागा पाहिजे म्हणून बाळासोंनी ते इंजिन भंगारात घातलं. धाकट्याला विचारलं नाही. कृष्णात हुपरीला लग्नाला गेला होता. परत येऊन बघतो तर भंगाराचा गाडा कोपऱ्यावर वळतोय. तो धावत गेला, हाताला लागेल ते ओढलं, तर हा रॉड निघाला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. थोरला काउंटरला, धाकटा गोडावूनात, मधे एक अंगण आणि ते बदामाचं झाड.

पण धंदा तर करायचा होता. मग चारच्या चहाला दोघं अण्णासोच्या दोन बाजूंना उभे राहायचे.

"अण्णा, त्याला इचार, सांगलीच्या पार्टीची नोझलं निघाली काय," बाळासो म्हणायचे.

अण्णासो मान वळवायचा. "नोझलं निघाली काय, इचारत्यात."

कृष्णात हातभर अंतरावर उभा. सगळं ऐकू येतंय. तरी अण्णासोकडंच बघून बोलणार. "त्यास्नी सांग, सकाळीच निघाली. आणि हे बी सांग, गिऱ्हाइकाला खोट्या तारखा देत जाऊ नका."

"निघाली म्हणत्यात, मालक."

"आणि दुसरं काय म्हणाला?"

"काय न्हाय."

असं बेमालूम चालायचं. कडू तेवढं अण्णासो पोटात ठेवायचा आणि कामाचं पुढं ढकलायचा. बाळासोंना साखरेचा आजार. गुंडू त्यांच्यासाठी स्टीलच्या पेल्यात बिनसाखरेचा चहा आणायचा, आणि ट्रे आला की कृष्णातचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "अण्णा, स्टीलचा पेला त्यास्नीच दिलास न्हवं?" मग दिवसभराचं भांडण.

चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, दोघंही अण्णासोच्या घरी जेवायला यायचे. थोरला दुपारी, धाकटा रात्री, म्हणजे गाठ नको. अण्णासोची बायको रूपाली दोनदा कणीक मळायची, दोनदा पुऱ्या तळायची आणि दोन्ही वेळा मनातल्या मनात या भावांचा उद्धार करायची.

दोन हजार चार साली बाळासोंचा पोरगा पृथ्वीराज पुण्यात इंजिनिअर होऊन परत आला. पोरगं गुणाचं. आल्या आल्या त्यानं चार वाजताचा हा सोहळा बघितला, पोट धरून हसला आणि मग अण्णासोच्या शेजारी येऊन बसला. "अण्णाकाका, स्क्रीन सगळ्या तुमच्याच राहू देत. खालची टेबलं, म्हंजे नोंदींचे तक्ते, तेवढी उचलून सर्व्हरवर नेऊया, त्यो चौघांना एकदम झेलतोय. मग कुणाला भाईर काढायची गरज न्हाय."

अण्णासोला ते पटलं. खोटं कशाला बोला, मोठा आनंद झाला. त्या फाइलनं त्याला फार रडवलं होतं. मागच्या दिवाळीत ती अशी फुटली होती, की आख्ख्या दिवसाची बिलं पुन्हा मारावी लागली होती. सुट्टीच्या दिवशी दुकान बंद ठेवून दोघं कामाला बसले. सर्व्हर सोवळ्यातला निघाला. जुन्या फाइलनं वर्षानुवर्षं मुकाट गिळलेलं बरंच काही त्यानं नाकारलं. एका पिस्टनची खरेदी सन दोनशे तीन सालची निघाली. गोडावूनात कुणीतरी दोन हजार तीन लिहिताना एक शून्य खाल्लं होतं, आणि जुन्या फाइलनं ते निमूट ठेवून घेतलं होतं. सर्व्हर म्हणाला, एवढं जुनं आमच्यात चालत नाही.

"कृष्णातकाका शालिवाहनाला पिस्टन इकत होते काय?" पृथ्वीराज म्हणाला.

"उधारीवर दिला असंल," अण्णासो म्हणाला, आणि दोघं बराच वेळ हसत बसले. एक टेबल तर सगळं दिसायचं, पण त्यात नवीन काही लिहू द्यायचं नाही. प्रत्येक ओळीला स्वतःचा वेगळा नंबर लागतो, तो दिला तेव्हा कुठं ते वळणावर आलं. काम फत्ते झालं तेव्हा अण्णासोला पोरीचं लग्न पार पडल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजले. अण्णासोनं सवयीनं पाना उचलला. पृथ्वीराज माडीवरून म्हणाला, "काका, आता कशाला?" अण्णासो ओशाळून हसला आणि पाना खणात ठेवून दिला.

मग दुकान सुरळीत चालू झालं. इतकं सुरळीत, की कुणाला कुणाचं तोंड बघायची गरज उरली नाही. काउंटरवर बिल मारलं की गोडावूनात दिसायचं, गोडावूनात माल निघाला की केबिनमध्ये दिसायचा. चहा ज्याचा त्याला टेबलावर. बदामाची पानं अंगणात पडून राहायला लागली. "तुमच्या त्या सर्व्हरनं माझा ट्रे खाल्ला," असं गुंडू अण्णासोला रोज ऐकवायचा.

आणि एक दिवस कृष्णातनं त्याला गोडावूनात बोलावून घेतलं. "अण्णा, शिरोलीला गाळा बघितलाय. गोडावून तिकडं हलवतो. पृथ्वीराजला इचारलं, फोनच्या तारेवरनं सर्व्हर तिथं बी दिसतो म्हणतोय. मग हितं ऱ्हाऊन काय करायचं? तू चल माझ्यासंगं."

संध्याकाळी बाळासोंनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं. "जाऊ दे त्याला जायाचं तर. तू हितंच ऱ्हायाचं, अण्णा."

 अण्णासोनं उभ्या जन्मात एकच चांगली गोष्ट बांधली होती, आणि तिच्याच जोरावर हे दोघं कायमचे तुटायला निघाले होते. वर त्यानं कुणातरी एकाला सोडायचं होतं. कॉम्प्युटरच्या क्लासची फी थोरल्यानं भरली होती. बाप वारला तेव्हा चंदगडपर्यंत जीपनं सोबत आला होता तो धाकटा. कुणाला म्हणून नाही म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी तो सर्व्हरपाशी गेला, वायरीला हात घातला. वायर ओढली की बंद पडेल, बंद पडला की सगळी बाहेर येतील. हात तसाच राहिला. स्वतःच्या हातानं उभं केलेलं स्वतःच्या हातानं पाडवेना. शिवाय दोष पृथ्वीराजच्या माथी बसला असता.

घरी जेवताना त्यानं हे रूपालीला सांगितलं. ती भाकरी थापत होती, वर न बघता म्हणाली, "इतकी वर्सं तुमी त्यांचं बोलणं पोचवत बसलासा. मग त्यास्नी बोलायची गरज कशाला पडंल? वायर ऱ्हाऊ दे. तुमीच निघा मधनं."

अण्णासोला ते झोंबलं. 

टेम्पो दारात लागला त्या दिवशी गोडावूनातली निम्मी खोकी चढून झाली होती. कृष्णात माल मोजत होता, बाळासो केबिनचं दार लावून बसले होते. चार वाजले. अण्णासोनं खणातला पाना काढला, बदामाखाली गेला आणि त्या रॉडवर असा हाणला, की समोरच्या लेथवाल्यानं मशीन बंद करून डोकावून बघितलं.

सवय कुठं जाते. कुणी विचार न करता स्क्रीन बंद केल्या आणि सगळी बाहेर आली. हिशेबवाले माडीवरून उतरले. कृष्णात हातातलं खोकं तसंच घेऊन आला. केबिनचं दार उघडलं. पृथ्वीराज धावत आला. "काका, काय झालं? सर्व्हर चालू हाय की."

"हाय की," अण्णासो म्हणाला. "त्याला काय धाड भरलीया. च्या प्यायला बोलावलंय."

गुंडू तर ठोक्याची वाटच बघत असल्यासारखा ट्रे घेऊन पळत आला. पण इतक्या दिवसांत ट्रे भरायची सवय मोडलेली. घाईत सगळेच काचेचे ग्लास भरले, सगळे साखरेचे. बाळासोंनी कुणाकडं न बघता पुढचा ग्लास उचलला.

कृष्णातची नजर गेली. "अण्णा," तो म्हणाला, "त्यास्नी सांग, त्यो साखरंचा हाय."

अण्णासो झाडाकडं बघत उभा राहिला.

"अण्णा. सांग की त्यास्नी."

अण्णासोच्या तोंडात शब्द आला होता. मालक, ठेवा तो ग्लास.  त्यानं दात आवळले. कृष्णातनं गुंडूकडं बघितलं, तर तो गाड्याकडं परत निघालेला. बाळासोंनी ग्लास ओठाला लावला.

"दादा, ठेव त्यो ग्लास."

 बाळासोंनी ग्लास खाली घेतला. ते बोलले तेव्हा आवाज अण्णासोसारखा बारीक झाला होता. "मग सरळ सांगायचं की, कृष्णा."

"सांगितलं न्हवं आता."

"इंजिनाचं माझं चुकलंच तवा. तुला इचारायला पायजे होतं."

कृष्णातनं खोकं खाली ठेवलं. तो वळून दारात थबकलेल्या गुंडूवर खेकसला, "आरं, बिनसाखरंचा आण की. बघत काय उभारलाईस." अण्णासोनं पान्याचा हात पाठीमागं घेतला आणि डोळ्यांत गेलेलं पुसलं. टेम्पोवाला आत डोकावून विचारायला लागला, निघायचं काय. त्यालाही एक ग्लास मिळाला.

शिरोलीचा गाळा काही सोडला नाही. ॲडव्हान्स दिलेला होता, आणि जड मालाला जागा लागतच होती. कृष्णात सकाळी तिकडं जातो, पण चारच्या ठोक्याला उद्यमनगरात हजर असतो. दोघं आता इतकं मोठ्यानं भांडतात, की मधे उभं राहायची अण्णासोची टाप नाही. सर्व्हर आत बिनतक्रार चालू असतो, आणि त्याच्यासाठी कुणालाच बाहेर यायची गरज नसताना सगळी रोज बाहेर येतात.

पुढच्या चौदा एप्रिलला दोघं भाऊ एकाच स्कूटरवरून अण्णासोच्या दारात उतरले. रूपालीनं कणीक एकदाच मळली होती. ती कमी पडली.