वस्तीच्या विहिरीतला पाला

नामांतराच्या दंगलीत आम्ही वस्ती सोडली आणि पूर्णेला मामाच्या रेल्वे क्वार्टरमध्ये जाऊन राहिलो. दिवाळीनंतर पिंगळीपलीकडच्या आमच्या गावी परतलो, तर वस्तीच्या विहिरीत कुणीतरी गाडीभर हिरवी ज्वारी नि पाला टाकलेला. सडून त्याचा काळा रेंदा झाला होता. गावच्या विहिरीवर आम्हाला पाणी भरू देत नव्हते, तेव्हा हीच साफ करणं भाग होतं. तीन दिवस बादल्यांनी उपसलं. सडक्या अंड्यांसारखा असा वास की भाकरी घशाखाली उतरेना.

चौथ्या दिवशी गाळ काढायला बाबा उतरणार होते. मी परभणीला सायन्सच्या पहिल्या वर्षाला होतो, वस्तीत मॅट्रिकच्या पुढं गेलेला एकटाच. त्याची घमेंडही होती. बाकीचे पाट्या आणायला गेले होते, काठावर आम्ही दोघंच. आमच्याकडे उतरण्याआधी विहिरीत कंदील सोडतात, विझला तर कुणी उतरत नाही. आमचा कंदील तळाशी मजेत जळत राहिला.

बाबांनी विचारलं, "वास यायलाय का रं अजून?"

मी वाकून हुंगलं. "न्हाई बाबा. गॅस गेलाय समदा. उतरा तुमी."

ते कमरेला दोर बांधून उतरले. फावडं दोनदा गाळात मारलं, तिसऱ्यांदा उचललंच नाही. मी बोंब ठोकली, माणसं धावली. दोरानं वर ओढलं तेव्हा जीव गेलेला होता.

पुढं मी मास्तर झालो आणि हळूहळू वाचनात आलं. हिरव्या पानात गंधक असलेली एक साखर असते. हवा न पोचणाऱ्या गाळात काही जिवाणू ती फोडतात, दुसरे त्यातल्या गंधकाचा विषारी वायू करतात. गाळ ढवळला की तो एकदम सुटतो. त्यानं कंदील विझत नाही. आणि बराच वेळ हुंगणाऱ्याचं नाक बधिर होतं. त्या सकाळी मी तीन तास काठावर वाकून बसलो होतो.

पाला टाकणाऱ्यांचा संताप आजही येतो. स्वतःचा त्याहून जास्त येतो.

आई मात्र भेटायला येईल त्याला सांगायची, "माझा लेक शिकलेला. वास आला असता तर त्यानं उतरूच दिलं नसतं." मी शेजारी बसून ऐकायचो. 'उतरा' मीच म्हणालो होतो, हे तिला सांगायला जीभ रेटली नाही. आता तीही नाही.