नईमाच्या बोटांचे वळ

ब्राह्मणपुरीत बांगड्या भराव्यात त्या नईमानेच. शहाद्याहून ती गेली तीस वर्षं पेटी घेऊन येते, आमच्या ओट्यावर बसते आणि बाईचा हात असा दाबते, अंगठा असा दुमडते, की काच कधी चढली ते हातालाही कळत नाही. तिच्या हातून बांगडी वाढलेली मी दोनदाच पाहिली. तिची एक फुशारकी होती, "हात देखा का मी आख्खं घर सांगस." आणि सांगायचीही. कोणाला दिवस गेलेत, कोण सासूवर रुसून जेवत नाही, सगळं. आम्हा बायकांना त्याचं केवढं कौतुक!

मी वत्सलाबाई. कुंदन माझ्या दिराचा मुलगा, शेजारीच राहतो. त्याची बायको ममता. गेल्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी ती बांगड्या भरायला बसली आणि नईमाने तिची बाही वर सारली. दंडावर निळेकाळे डाग.

"कोनी मारं व बेटा?"

"कोनी नई, मावशी. आपोआप उठतस."

ममता आत गेल्यावर नईमा माझ्या कानाशी लागली, "मार खायेल बाई असंच बोलस." मलाही पटलं. पोरगी महिनाभर सुकत चालली होती, चार पायऱ्या चढली की धापा टाकायची. नवरा छळत असणार, दुसरं काय! माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. नईमाने फक्त मला सांगितलं होतं. मी लोणखेड्याला ममताच्या आईला फोन केला, वर माझं नाव कुठे घेऊ नका म्हटलं.

शनिवारी ममताचा भाऊ आला आणि भर चौकात त्याने कुंदनची कॉलर धरली. कुंदन एवढंच म्हणत होता, "मी बोट लावं नई. तिन्हा हिरड्यामाईन रक्त येस. सोमवारले नंदुरबारले रक्त तपासाले जानं शे, तिले लई जाऊ नका." रक्त म्हटल्यावर तर लोक आणखी भडकले. ममता रडून नाही नाही म्हणत होती, पण मार झाकणारी बाईसुद्धा नाहीच म्हणते, असं आमचं शहाणपण. मी दाराआड उभी होते. भाऊ तिला घेऊनच गेला आणि तो सोमवार राहिला तो राहिलाच. माहेरी तिला तूप-शिरा खाऊ घालत होते.

वटपौर्णिमेच्या आधी नईमा लोणखेड्याला गेली. ममतानेच तिला हाक मारली आणि नवऱ्याच्या नावाने चार हिरव्या बांगड्या भरून घेतल्या. हात आपण अगदी अलगद धरला होता, असं नईमा शपथेवर सांगते. दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत ती परत गेली, तर ममता तापाने फणफणलेली आणि त्या हातावर चार बोटं, एक अंगठा काळानिळा उमटलेला. नईमाने त्या डागांवर आपली बोटं ठेवून पाहिली. बरोबर बसली.

तिनेच रिक्षा बोलावली. शहाद्याला रक्त तपासलं, तिथून नाशिकला नेलं. रक्ताचा कॅन्सर निघाला.

पुढे कुंदनने मला समजावलं, शाळेतल्या पोराला सांगावं तसं. रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होतं. तिथे कच्च्या पांढऱ्या पेशी माजल्या, शेतात तण माजतं तशा, आणि बाकीच्यांना जागाच उरली नाही. तांबड्या पेशी कमी पडल्या म्हणून ती धापा टाकायची. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी पडल्या म्हणून नुसत्या धरण्यानेही डाग उठायचे, हिरड्यांतून रक्त यायचं. आणि पांढऱ्या पेशी एवढ्या असूनही कुचकामी, म्हणून ताप हटत नव्हता. "डॉक्टर म्हनतस, उपचार शे. पन सव्वा महिना वाया गया," एवढंच तो म्हणाला. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

एक दिवस नईमा पेटी न घेता आली. जिथे कुंदनची कॉलर धरली होती तिथेच उभी राहिली. "कुंदनभाऊनी हात लावा नई. मन्हा तोंडमुळे त्यानी आब्रू गयी, आन पोरनं दुखनं वाढनं." कोणीतरी विचारलं, तू सांगितलंस तरी कोणाला? तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. "सगळासले," ती म्हणाली आणि खाली मान घालून शहाद्याच्या रस्त्याला लागली.

आता गावात कोणी तिच्याकडून बांगड्या भरत नाही. मोठं न्यायी गाव आमचं! ती रस्त्याने दिसली की मीही दार लोटून घेते. माझी लाज मला अशी घरात कोंडते, आणि तिची तिला चौकात घेऊन गेली होती.

काल कुंदन पुन्हा नाशिकला निघाला. घराची किल्ली द्यायला आला तेव्हा म्हणाला, "काकी, त्या रोज आख्खं गाव मले बोलनं. तू एकलीच काही बोलनी नई. म्हनीसन किल्ली तुलेच देस."

मी किल्ली घेतली आणि पदराला बांधली.