वारा वर असतो

काल गावी आंब्याच्या बागेशी थबकले. एक नेपाळी गडी जाळी लावलेल्या काठीने, झेल्याने, हापूस उतरवत होता आणि त्याची बायको ते अलगद क्रेटमध्ये ठेवत होती. मला बाबा आठवले.

याच बागेत बाबा वर्षानुवर्षं आंबे काढायचे. मग मालकाने हंगामभर बागेतच राहणारे नेपाळी गडी आणले. बाबांचे जोडीदार काम सुटून मुंबईला गेले. बाबांना मात्र मालकाने मुकादम केलं. आई सुखावली, पण बाबा खालून शेंड्यांकडे बघत राहायचे.

"आता झाडावर चढायला नको, शिवाय मान आहे," मी म्हटलं.

"मान खाली मिळतो गो. वारा वर असतो."

एका सकाळी ते माझ्यादेखत शेंड्याकडे चढले. "काका, पडाल!" म्हणत एक नेपाळी गडी घाबरून त्यांच्यामागे चढला. बाबा उतरेनात. फांदीवर बसूनच त्यांनी त्याला विचारलं, "तुझ्या गावी काय पिकतं रे?"

"संत्री."

"ती आता कोण काढतं?"

"वडील. एकटेच."

बाबा जरा सरकले आणि त्याला शेजारी बसायला जागा करून दिली.