अकोल्याला निघालं की जड होणारं स्टेअरिंग

आमची गाडी चौदा वर्षांची आणि मी चौसष्टची. यंदा उन्हाळा लागताना स्टेअरिंग जड झालं, तेव्हा दोघींपैकी जी म्हातारी तिच्यावर आळ आला.

महिन्यातून दोनदा मी अमरावतीहून अकोल्याला जाते, मोठ्या बहिणीकडे. ताई एकटी राहते. डोळ्यांनी अधू आहे, आणि एकदा ऑटोतून पडल्यापासून ऑटोत पाय ठेवत नाही. मी पोचते तेव्हा ती इस्त्रीची साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन पुढच्या खोलीत तयार बसलेली असते. मग आमची स्वारी निघते. भाजीबाजार, डोळ्यांचा दवाखाना, कोणाकडे बारसं असलं तर बारसं. मी गेले नाही तर ताई फाटकाबाहेर पडत नाही.

तर त्या सकाळी गाडी गल्लीतून वळवायला गेले आणि स्टेअरिंग हलेना. म्हणजे हलत होतं, पण दोन्ही हातांनी ओढावं लागत होतं. हायवेला लागल्यावर जरा बरं वाटलं, अकोल्याच्या गल्ल्यांत पुन्हा तेच. ताईच्या दारात गाडी लावेपर्यंत माझा उजवा खांदा ठणकायला लागला होता.

पुण्याच्या मुलाला फोन केला. तो व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "आई, बॉनेट उघड. ती छोटी बाटली दिसते का? तिच्यात तेल किती आहे?" तेल दोन रेघांच्या मध्ये होतं. बेल्ट दाबून पाहायला लावला, तो ताठ होता. इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं, कण्हल्यासारखा आवाज येतो का म्हणून. गाडी कण्हत नव्हती, मीच कण्हत होते.

दुसऱ्या दिवशी गॅरेजला निघाले. लांबचा पल्ला झाला की टाकी भरायची आणि हवा पाहायची, ही माझी जुनी शिस्त. जाता जाता पंपावर दोन्ही कामं केली. हवा भरणाऱ्याच्या कानात गाण्याचे बोळे, त्याने मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि म्हणाला, "काकू, लोण्यासारखं फिरून राह्यलं." मी फिरवून पाहिलं. खरंच लोणी होतं.

पंधरवड्याने पुन्हा अकोला, पुन्हा दगड. गॅरेजात नेली की लोणी. असं तीन वेळा झालं. मी जन्मभर पोरांना गणित शिकवलं. कारणाशिवाय उत्तर बदलत नाही हे मला कळतं. टायरची शंका मलाही आली होती. पण निघायच्या आदल्या संध्याकाळी मी स्वतः उभी राहून हवा भरून आणत होते, तेव्हा ते कारण मी पहिल्याच फटक्यात खोडून टाकलं. मग उरलं काय? गाडी तीच, रस्ता तोच, तेल तेवढंच. उरले मी.

डॉक्टर म्हणाले, या वयात सकाळी सांधे आखडतात, अकोल्याला तुम्ही उजाडताच निघता, म्हणून त्याच दिवशी त्रास होतो. उत्तर चोख बसलं. मुलगा म्हणाला, "आई, आता बस झालं. गाडी विकून टाक." ताई फोनवर "बरं" म्हणाली, आणि वर, "तुले यायचंच नसन तर तसं सांग न वं. खांद्याचं नाव काहून करतं?" त्यावर मी फोन ठेवला आणि संडासात जाऊन रडले. लाज कसली त्यात, आमच्या घरात रडायला तेवढीच एक जागा आहे.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल. ह्यांना गाडी चालवता येत नाही. भातकुलीकडे कृषी खात्यात नोकरी केली ती सगळी सायकलवर आणि मग लुनावर. पण पन्नाशीला टेकल्यावर मी गाडी शिकायला निघाले, सासरच्यांनी नाकं मुरडली, तेव्हा हे एकटे म्हणाले होते, "शिक तू. कुठी जायचं तिथं जाय. मी तुले कधी जाऊ नको म्हणणार नाही." आणि माणूस शब्दाचा पक्का. मी कुठेही निघाले तरी तोंडातून 'नको' नाही. अकोल्याच्या दिवशी मात्र माझ्याआधी उठायचं आणि ओल्या फडक्याने गाडी पुसून ठेवायची, हे त्यांचं व्रत. संध्याकाळी मी खांदा धरून परत आले की तिळाचं तेल कोमट करून चोळून द्यायचे. नुसतं चोळत राहायचे.

शेवटी मीच हरले. मुलाने नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात कामाला असलेलं एक गिऱ्हाईक शोधलं. तो रविवारी गाडी पाहायला येणार होता. त्याआधीच्या गुरुवारी ताईला शेवटचं फिरवून आणायचं ठरवलं. तिला सांगितलंही, की पुढच्या वेळी बसने येईन, नुसतीच भेटायला.

गुरुवारी लवकर जाग आली. स्वयंपाकघरात चहा थर्मासात ओतत होते, तेवढ्यात खिडकीबाहेर फुस्स आवाज झाला. थांबला. पुन्हा फुस्स. उन्हाळ्यात आमच्याकडे सापकिरडू निघतं, आणि हे तर अनवाणी फडकं घेऊन बाहेर. मी दाराआडची काठी उचलली आणि धावले.

साप नव्हता. हे पुढच्या चाकाशी उकिडवे बसले होते. हातात आगकाडी. ती हवेच्या तोटीत खुपसून टायरमधली हवा सोडत होते. मागचं चाक उरकलेलं दिसत होतं.

"हे काय करून राहिले तुमी?"

"थोडीशी काढून राह्यलो," काठीकडे पाहत हे म्हणाले. "उन्हाचा टायर फुटते. भरगच्च हवा असली का फुटतेच. भातकुलीले माही सायकल दोनदा फुटली मे महिन्यात."

"कधीपासून चाललंय हे?"

"रस्ता चांगला झाला तवापासूनच मनात होतं. पहिले खड्डे होते, तू चाळीसनं जात होती. आता नव्वदनं जाते. यंदा ऊन बी लय हाये, म्हणून सुरू केलं."

मला भयंकर राग आला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोरच संध्याकाळी संन्याशाच्या खांद्याला तेल लावतोय. मी म्हटलं, बसा गाडीत. हे म्हणाले, कपडे? मी म्हटलं, बसा. पायजम्यातच, दारातल्या सपाता पायात सरकवून बसले; मी थर्मास घेतला, कुलूप घातलं. फाटकातून वळताना मी दोन्ही हातांनी स्टेअरिंग ओढलं. "पहा," म्हटलं, "नीट पहा." पंपावर चारही चाकांत हवा भरली. मग तिथल्याच मोकळ्या जागेत एका हाताने, दोन बोटांनी, गाडी गोल फिरवून दाखवली.

ह्यांचा चेहरा पाहवेना. "हवेचा अन् स्टेरिंगचा संबंध असते?" एवढंच विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. चालवलीच नाही कधी, कुठून कळणार? कमी हवेचा टायर जास्त तापतो, फुटला तर तोच आधी फुटतो, हेही मी सांगून टाकलं. नंतर वाटलं, आजच्या दिवस नसतं सांगितलं तर चाललं असतं.

तिथूनच अकोल्याचा रस्ता धरला. बडनेरा मागे पडलं तरी हे हातातल्या आगकाडीकडे पाहत होते. मग म्हणाले, "तुहा पोचल्याचा फोन येईलोक मी जेवत नाही. दुपारी डोळा लागत नाही. परतीचंही तसंच."

"मग सांगायचं न मला. जाऊ नको म्हणायचं."

"तसं कसं म्हणीन?" हे म्हणाले. "म्हणणार नाही, असं म्हणलं होतं न."

चौदा वर्षं हा माणूस घरात बसून माझ्याबरोबर अकोल्याला जात होता, आणि मला वाटायचं मी एकटीच जाते. डोळ्यांत पाणी आलं. गाडी चालवताना पुसता येत नाही नीट, म्हणून तसंच राहू दिलं. मुलाला फोन लावून गाडीच्या स्पीकरवर सांगितलं की रविवारच्या माणसाला नाही म्हण. तो कारण विचारत होता, मी म्हटलं, तुझ्या वडिलांना विचार. तोवर वडील झोपले होते.

मान खिडकीकडे कललेली, तोंड उघडं, आगकाडी पायजम्यावर पडलेली. अकोल्याच्या रस्त्यावर हे झोपले होते. मी गाडी साठावर आणली. नंतर पन्नासवर. ट्रक हॉर्न वाजवत पुढे जात होते, जाऊ दिले.

मूर्तिजापूरच्या अलीकडे ह्यांना जाग आली. जरा वेळ बाहेर पाहिलं, मग काट्याकडे पाहिलं.

"काहून वं इतकी हळू चालवून राह्यली?" हे म्हणाले. "ताई साडी नेसून बसली असन."