मावशीने गाडी भिंतीवर घातली तेव्हा

आमच्या गल्लीत अशी बोलवा आहे की विम्याचे पैसे लाटायला माझ्या मावशीने स्वतःची गाडी मुद्दाम भिंतीवर घातली. इस्त्रीवाला ही गोष्ट सांगताना इस्त्री हवेत धरतो, आवाज खाली आणतो आणि म्हणतो, "मी सांगितलं असं कुठे बोलू नका हं, पण बाई हुशार!" दुधाच्या दुकानातल्या काकू तर किती मिळाले तेही सांगतात, आणि दर आठवड्याला त्यात थोडी भर घालतात.

बाई हुशार, हे खरं. गाडी तिनेच भिंतीवर घातली, तीही मुद्दाम, हेसुद्धा खरं. पण विम्याचे मिळाले किती? भोपळा. आणि भोपळाच मिळणार हे स्टीअरिंग ओढताना तिला पक्कं ठाऊक होतं. गंमत आहे ती इथे, आणि नेमकी तीच इस्त्रीवाल्याला सांगता येत नाही.

मावशी गाडी चालवायला शिकवते. एकोणीस वर्षं झाली. एक खोली, बाहेर एक पाटी, आणि पांढरी, दोन्हीकडे पेडल असलेली एक गाडी. म्हणजे शिकणारा घाबरला तर शेजारी बसलेल्या मावशीच्या पायाखाली वेगळा क्लच आणि वेगळा ब्रेक. तिचा कान असा की मागच्या सीटवर डोळे मिटून बसली तरी सांगेल, "तिसरा टाकलास ना? दुसऱ्याला अजून भूक होती." क्लच हळू सोडायला सांगायची तिची पद्धत म्हणजे, "सोड. अगं सोड म्हणजे फेकू नकोस! मांडीवरचं बाळ गादीवर ठेवतेयस असं समज." ज्यांच्या घरात कधी बाळ नव्हतं, असे म्हातारे ब्रह्मचारीसुद्धा या वाक्यावर क्लच सोडायला शिकले.

एवढी पक्की बाई, आणि चूक केली तीसुद्धा पक्केपणामुळेच. दरवर्षी ती गाडीचा फुल्ल इन्शुरन्स काढायची. त्या वर्षी नवी क्लच प्लेट घालावी लागली, कारण शिकाऊ मंडळी क्लच जाळतात तितक्या वेगाने कुणी पापडही भाजत नाही. त्यात बरेच पैसे गेले, मग विम्याच्या एजंटला ती म्हणाली, "यंदा नुसती थर्ड पार्टी द्या."

एजंट नाकातून बोलतो. "ताईंऽ, थर्ड पार्टी म्हणजे दुसऱ्याचं नुकसान कंपनी देणार. तुमच्या गाडीचं तुम्ही."

"माझ्या गाडीला काय होणार? एकोणीस वर्षांत ओरखडा नाही. वर माझ्या पायाखाली ब्रेक आहे."

सही केली. पाच महिन्यांनी टेलरकाका शिकायला आले.

टेलरकाकांचा स्वभाव सुईसारखा बारीक. "बाई, चालेल ना? बाई, वळवू का? बाई, मागून कुणीतरी हॉर्न दिला, त्यांना राग आला असेल का?" चाळीस वर्षं त्यांनी पायांनी शिलाई मशीन चालवलं होतं. त्यामुळे त्यांच्या पायांना एक खोड लागली होती, जी मावशीला पहिल्या दिवशी दिसली नाही: मन घाबरलं की दोन्ही पाय शिवायला लागायचे.

उतारावर एक कुत्रं आडवं आलं. टेलरकाकांचे पाय सुरू झाले, डावा, उजवा, डावा, उजवा, आणि त्यातला उजवा ॲक्सिलरेटरवर. मावशीने आपल्या बाजूचा क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबले, पण रस्त्याच्या कामाची बारीक खडी तिथे पसरलेली. चाकं थांबली, गाडी घसरतच राहिली. समोर बसथांबा. थांब्यावर आठ माणसं, त्यातली एक कडेवर मूल घेतलेली. डावीकडे मैदानाची दगडी भिंत. मावशीने ब्रेक क्षणभर सैल केला आणि हात लांब करून स्टीअरिंग डावीकडे ओढलं.

भिंतीचा टवकासुद्धा उडाला नाही. गाडीचं नाक मात्र पार आत गेलं. टेलरकाका पट्ट्यात अडकून म्हणत होते, "बाई, कुत्रं ठीक आहे ना?"

मेकॅनिकने बॉनेटखाली पाहिलं आणि हात पुसायला लागला. "ताई, हिच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही."

मी मावशीबरोबर एजंटकडे गेले होते, म्हणून पुढचं शब्दाला शब्द सांगते. एजंट कागद चाळून म्हणाला, "ताईंऽ, तुम्ही थांब्यावर घातली असतीत तर कंपनी बांधील होती. भिंतीवर घातलीत, इथे जरा अडचण आहे."

"म्हणजे माणसं चुकवली ही माझी चूक?"

"चूक नाही हो. कव्हर नाही."

मला वाटलं आता ती टेबल उलटं करणार. तिने कागद आपल्याकडे ओढला, खालची सही पाहिली आणि म्हणाली, "सही माझीच आहे. चला." टेलरकाकांना ती एका अक्षराने बोलली नाही. ते रडत आले, तेव्हा त्यांना म्हणाली, "उद्या वेळेवर या."

या म्हणजे कुठे? गाडीच नव्हती! नऊ जणांची लायसन्सची परीक्षा सतरा दिवसांवर आलेली. ते नऊ जण दुसरीकडे गेले की पाटी उतरवायची, एवढं सरळ होतं. चौकातला दुसरा शिकवणारा लगेच हजर झाला. त्याला सगळे भोंगा म्हणतात, कारण त्याची कुजबुजही दोन गल्ल्या ऐकतात. "ताई! तुमची माणसं माझ्याकडे पाठवा! तुम्ही आता आराम करा!"

"पाठवत नाही, घेऊन येते," मावशी म्हणाली. "गाडी तुझी, शिकवणारी मी. रोज सकाळी सहा ते सात, भाड्याने." भोंग्याने भाड्याचा आकडा सांगितला, तोही दोन गल्ल्यांनी ऐकला.

एका तासात नऊ जण काय शिकणार? म्हणून उरलेला दिवस खोलीत. दोन खुर्च्या, स्टीअरिंग म्हणून पातेल्याचं झाकण, जमिनीला खिळलेल्या तीन जुन्या चपला: क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर. आणि इंजिन? इंजिन मावशी स्वतः. मी या गल्लीत कुणाचीही नक्कल करते, पण चढावर दुसऱ्या गियरमध्ये दमलेल्या गाडीचा तो घशातला आवाज माझ्याच्याने अजून निघत नाही. तिचा आवाज ऐकून माणसं झाकण धरून गियर बदलायची, आणि चुकलं की ती खोकून बंद पडायची.

टेलरकाकांसाठी वेगळा अभ्यास. उजव्या पायातला बूट काढून बसायचं. मावशी मागे ताट घेऊन उभी. मनात येईल तेव्हा धाडकन वाजवायची, आणि काकांनी फक्त ब्रेकची चप्पल दाबायची. पहिले चार दिवस दोन्ही पाय चालले. "बाई," ते घाम पुसत म्हणाले, "एक पँट शिवून झाली."

पाचव्या दिवशी मी मावशीला बाजूला घेतलं. "मावशे, हे काही पास होत नाहीत."

"लाव पैज. हरलीस तर महिनाभर रोज सकाळी गाडी धुवायची."

"कुठली गाडी?"

"येईल ती."

"आणि तू हरलीस तर?"

"तर पाटी मी उतरवते, तू स्टूल धर." हे ती हसत म्हणाली, पण हात झाकणावर घट्ट होता.

परीक्षेच्या दिवशी आम्ही बाकावर बसलो. टेलरकाकांना घेऊन भोंग्याची गाडी निघाली, वळली, उतारावर आली आणि एक सायकलवाला फाटकातून सुसाट आडवा घुसला. मावशीचा उजवा पाय जमिनीवर आपोआप दाबला गेला. गाडीही जागच्या जागी थांबली. आत, काकांनीच नंतर सांगितलं, डावा पाय क्लचवर, उजवा ब्रेकवर. दोन्ही गप्प. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी काहीतरी लिहिलं. काकांनी खिडकीतून डोकं काढून सायकलवाल्याला विचारलं, "लागलं नाही ना?"

नऊपैकी आठ पास. नापास झाली ती बँकेतली कॅशियर, जिला पहिल्या दिवसापासून सगळं येत होतं. टेलरकाका आता गिऱ्हाइकाचं माप घेताना, टेप गळ्यात टाकून, मावशीची कीर्ती सांगतात. माणूस मापात अडकलेला असतो, ऐकण्यावाचून गत्यंतर नसतं. दोन महिन्यांत खोलीबाहेर चपला मावेनात. तिसऱ्या महिन्यात जुनीच, पण धड गाडी आली.

"ताईंऽ, यंदा थर्ड पार्टीच ना?"

"फुल्ल. आणि सही करायच्या आधी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचा. नाकातून नको."

आता पहिल्या दिवशी ती कुणालाच गाडीत बसू देत नाही. आधी विम्याचा तो जुना कागद पुढे ठेवते. "तुमची गाडी फुटली तर कोण देणार?" सगळे म्हणतात, "कंपनी!" मग ती म्हणते, "कुठे लिहिलंय, दाखवा." ते शोधत बसतात, आणि आपण कशी फसलो ते ती स्वतःच सांगते. लाजत नाही. असं सांगणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

आज माझा एकविसावा दिवस. बादली भरली आहे, मागची काच पुसून झाली आहे, आणि खिडकीतून मावशी ओरडते आहे, "चाकांच्या आतून पण! पैज अर्धी नव्हती लावली!"