धाकट्यांचा लेथ

साठी कधीच उलटली होती, तरी गल्लीत सगळे त्यांना धाकटेच म्हणत. याला कारण त्यांचे मोठे भाऊ. दोघा भावांनी मिळून केस कापायचं दुकान चालवलं. दोन खुर्च्या, दोन आरसे, आणि गिऱ्हाईक आत आलं की पहिला प्रश्न, "थोरल्यांकडे बसणार की धाकट्यांकडे?" खरी नावं दुकानाच्या परवान्यावर तेवढी उरली. गळ्यावर वस्तरा फिरत असताना माणसाला डुलकी लागावी, असा दोघांचाही हात होता.

मग थोरल्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी नुसता अंगठा, मग मनगटापर्यंत. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. एके सकाळी थोरल्यांनी वस्तरा मिटून फळीवर ठेवला आणि कोणाला काही न सांगता कात्री मुलाच्या हाती दिली. धाकटे त्यानंतरही काही वर्षं पुतण्याशेजारी उभे राहिले. पण जन्मभर उभं राहून त्यांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला होता. शेवटी त्यांनीही खुर्ची सोडली आणि घरी बसले.

घरी बसलेला माणूस घरातल्यांना किती उभं करतो, हे त्यांच्या बायकोला पहिल्या महिन्यातच कळलं. तिला सगळी गल्ली काकू म्हणे. धाकटे खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची डोकी बघायचे आणि कोणाचे कल्ले वरखाली कापलेत ते आतल्या खोलीला ऐकू जाईल असं सांगायचे. ते झालं की स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावायचे. काकूंना मीठ सापडेना. त्यांनी हात जोडून सांगितलं की काहीही उद्योग करा, पण माझ्या ओट्यापासून दूर करा.

तो उद्योग त्यांना एका फर्निचरवाल्याकडे सापडला. मोडक्या खुर्चीला नवा पाय करून घ्यायला ते गेले होते. तिथला कारागीर लेथवर काम करत होता. लाकडाचा ओबडधोबड तुकडा गरगर फिरत होता, कारागिरानं त्याला गोल पटाशी टेकवली, की साबणाच्या फेसातून वस्तरा जावा तशी लाकडाची लांबच लांब साल सुटत होती. खुर्चीचा पाय तयार झाला तरी धाकटे हलेनात. कारागिरानं शेवटी त्यांना बसायला स्टूल दिलं.

थोड्याच दिवसांत एक लहान लेथ लाकडी खोक्यात बसून घरी आला. मागच्या खोलीत, खिडकीखाली, इस्त्रीच्या जुन्या टेबलावर त्याची प्रतिष्ठापना झाली. लेथ विकणाऱ्या दुकानदारानं दोन पटाश्या दिल्या, डोळ्यांना चष्मा दिला आणि बाह्या सैल ठेवू नका म्हणून बजावलं. धाकटे लग्नघरात वावरावं तसे त्या खोलीत वावरायला लागले. लाकडाच्या ढलप्या पलंगाखाली गेल्या, चपलांत गेल्या, एकदा चहातही निघाल्या. काकूंनी चहा गाळून घेतला. माणूस ओट्यापासून लांब होता, त्यापुढे ढलप्या काय मोठ्या.

"माझ्यासाठी एक लाटणं करा," एवढंच त्यांनी मागितलं. जुन्या लाटण्याची मूठ तुटली होती.

धाकट्यांनी चांगलं कोरडं लाकूड निवडलं, सकाळभर खपून लाटणं उतरवलं आणि खिडकीतल्या उजेडात धरलं. त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीक लाटा उठल्या होत्या. बोट फिरवलं की एकेक लाट लागत होती. त्यांना वाटलं, पहिलाच प्रयत्न, असं होणारच. दुसरं केलं, त्यावरही लाटा. तिसरं अगदी श्वास रोखून, कोपर बरगडीशी घट्ट दाबून केलं. तरी तेच.

काकूंनी तिसरं लाटणं हातात फिरवलं आणि हसून म्हणाल्या, "यानं लाटलं तर आपोआप नक्षी उमटेल."

धाकटे हसले नाहीत. त्यांची नजर आपल्या उजव्या हाताकडे गेली होती.

मशीन कोरं होतं. पटाश्या त्यांनी स्वतः धार लावून घेतल्या होत्या आणि धारेतलं त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. उरला कोण, तर हात. थोरल्यांचं असंच तर सुरू झालं होतं. एक बाप, एक आई, एकच रक्त. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणणारी माणसं धाकट्यांनी खुर्चीत बसवून पुष्कळ पाहिली होती. आपण त्यांतले व्हायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि मशीनवर आळ घेण्याचा विचारही केला नाही.

त्या दिवसापासून त्यांनी स्वतःच्या हातावर पाळत ठेवली. काकू बाजारात गेल्या की पेला काठोकाठ भरून हात लांब करून उभे राहायचे. पाणी हलायचं. सुईत दोरा ओवून बघायचे. दोरा भलतीकडेच जायचा. भीतीमुळे हात हलतोय की हात हलतोय म्हणून भीती वाटतेय, हे त्यांचं त्यांनाच कळेना. सही करताना अक्षर बघायचे, कप उचलताना बशीचा आवाज ऐकायचे. डॉक्टरकडे गेले नाहीत, कारण डॉक्टर काय सांगेल ते त्यांना माहीत होतं आणि ते ऐकायचं नव्हतं. लेथवर त्यांनी जुनी चादर टाकली. काकूंनी विचारलं तेव्हा म्हणाले, कंटाळा आला, म्हातारपणी कसली थेरं.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली, आणि ती करताना त्यांना फार वाईट वाटलं. थोरले दोन गल्ल्या पलीकडे मुलाजवळ राहत. दर रविवारी संध्याकाळी धाकटे तिथे पत्ते खेळायला जायचे. ते त्यांनी बंद केलं. समोर बसून थोरल्यांच्या हातातली थरथरणारी पानं बघणं म्हणजे आपलंच पुढचं पान उलटून बघणं, असं त्यांना वाटायला लागलं होतं. वहिनींचा निरोप आला की गुडघ्यांचं निमित्त सांगायचे. गुडघे बिचारे सगळं पोटात घालत.

असे बरेच दिवस गेले. चादरीखालचा लेथ घरात आजारी माणसासारखा पडून होता. शेवटी एक दिवस धाकट्यांनी ठरवलं, परत देऊन टाकू. निदान रोज डोळ्यांसमोर तरी नको. लेथ घेतला होता त्या दुकानात ते गेले. मशीन उत्तम आहे, तक्रार काहीच नाही, फक्त आता गरज उरली नाही, असं अगदी पाठ केल्यासारखं त्यांनी दुकानदाराला सांगितलं. दुकानदार काही बोलणार, तेवढ्यात एक बाई आत आल्या. उंच, पिकल्या केसांच्या, निवृत्त परिचारिका. त्यांनी पिशवीतून लाकडाचा एक गोल दांडा काढला आणि काउंटरवर आपटला. याच दुकानातून आपण लेथ नेला, नातवाच्या पाळण्याला दांड्या करायच्या होत्या, आणि हे बघा काय निघालं, असं त्यांनी ठणकावून सांगितलं.

धाकट्यांनी न राहवून तो दांडा उचलला. बोट फिरवलं. एकेक लाट लागत गेली. डोळे मिटून सांगितलं असतं की हे आपलंच लाटणं.

"हे तुम्ही केलंत?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"तुमचा हात..." धाकट्यांनी दांडा काउंटरवर ठेवला. "हात थरथरतो का तुमचा?"

बाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "माझा? अहो, जन्मभर लोकांच्या शिरा शोधून सुया टोचल्यात या हातानं. हात कशाला थरथरेल? मशीन थरथरतंय."

दुकानदार खाली बघून कागद सारखे करत होता. मग तो ओशाळून बोलला. या खेपेला आलेल्या मशीनमध्ये लाकूड फिरवणारा जो दांडा असतो, त्याचं मागचं नट कारखान्यातून सैलच आलं होतं. आणखी काही जणांनीही तक्रार केली होती. एका संगीत मास्तरांनी टेबल बदलून पाहिलं, भिंतीला टेकवून पाहिलं. एका गृहस्थांनी लाकडाच्या वखारवाल्याशी भांडण केलं. कोणी पटाश्या नव्या नेल्या. त्या सगळ्यांना पाना देऊन नट आवळायला सांगितलं, मग सगळं ठीक झालं. "पण काका, तुमची तर तक्रार नाही म्हणालात," तो म्हणाला.

धाकटे काउंटरला धरून उभे होते. टेबलावर, पटाश्यांवर, वखारवाल्यावर, सगळ्यांवर लोकांनी संशय घेतला होता. स्वतःच्या हातावर घेणारे ते एकटेच. अंगण खरोखरच वाकडं असू शकतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी दुकानदाराकडे पाणी मागितलं. पेला तोंडाला लावताना त्यांनी पाण्याकडे पाहिलं नाही.

घरी येऊन त्यांनी चप्पल न काढताच चादर ओढली. मशीनचा तो दांडा मुठीत धरून मागेपुढे हलवला. आतून बारीक टक्, टक् असा आवाज आला. दुकानदारानं दिलेल्या पान्यानं नट थोडं आवळलं. आवाज गेला. नवं लाकूड चढवलं, मशीन सुरू केलं, पटाशी टेकवली. साल सुटायला लागली, एकसारखी, न तुटता, त्यांच्या मनगटावरून खाली लोंबायला लागली. मशीन थांबवून त्यांनी बोट फिरवलं. बोट कुठेच अडकलं नाही. या टोकाला टेकलं आणि त्या टोकाला पोचलं. धाकटे मटकन स्टुलावर बसले. त्यांचा जीव भांड्यात पडला तो असा.

आवाज ऐकून काकू दारात आल्या होत्या. धाकट्यांनी त्यांना जवळ बोलावून लाटणं हातात दिलं आणि मग सगळं सांगितलं. पेला, सुई, दोरा, रविवार, सगळं. त्यांना वाटलं होतं काकू रागावतील. काकू लाटण्यावरून नुसता हात फिरवत राहिल्या.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "म्हणजे नट सैल आहे हे नव्हे. तुम्ही हात लपवताय हे. मी रोज तुम्हाला चहा देऊन बाजूला उभी राहायची, बशी वाजते का ऐकायला. तुम्ही घाबराल म्हणून बोलले नाही." एवढं बोलून त्या हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. एकाच बशीचा आवाज दोघं दोन बाजूंनी ऐकत होते आणि दोघंही एकमेकांना जपत होते.

तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्याला डॉक्टरकडे नेलंच. डॉक्टरांनी हात तपासला, बोटं उघडमीट करायला लावली, चालवून बघितलं. हाताला काहीही झालेलं नाही, गुडघ्यांबद्दल मात्र बोलायला हवं, असं ते म्हणाले. गुडघ्यांबद्दल धाकट्यांनी इतक्या आनंदानं ऐकून घेतलं की डॉक्टरांना नवल वाटलं.

रविवारी ते थोरल्यांकडे गेले. जाताना एक लाकडी वाटी करून नेली. थोरल्यांनी ती डाव्या हातात घेतली, उजवा हात मांडीवर आपला आपण थरथरत होता. धाकट्यांनी न येण्याचं खरं कारण सांगितलं. सांगताना मान वर झाली नाही.

थोरले वाटीच्या आत बघत म्हणाले, "माझा हात तुला बघवत नाही म्हणून येत नाहीस, असं मला वाटलं होतं."

"तेही होतंच, दादा."

"असणारच. मलाही कुठे बघवतो." मग त्यांनी वाटी उलटी केली. "बूड जाड राहिलंय. आणि हे पॉलिश नीट झालेलं नाही."

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, की चला, दोघांचं जुनं दुकान पुन्हा सुरू झालं.

तसं झालंही. आता आठवड्यातून एकदोनदा पुतण्या थोरल्यांना धाकट्यांच्या मागच्या खोलीत आणून सोडतो. धाकटे कातकाम करतात. कातलेली वाटी उतरवून थोरल्यांच्या मांडीवर ठेवतात, आणि थोरले पॉलिश पेपरनं ती घासत बसतात. घासायला हात हललेला चालतो, उलट वेळ वाचतो, असं थोरलेच म्हणतात. त्या परिचारिका बाईही कधीमधी पाळण्याच्या दांड्या दाखवायला येतात आणि दोघा भावांना धुळीपासून तोंड झाका म्हणून दटावतात.

परवा धाकट्यांच्या हातून पटाशी अडकली आणि अर्धी झालेली वाटी उडून खिडकीच्या काचेतून बाहेर गेली. काकू धावत आल्या. काच फुटली होती, मशीनचा काही दोष नव्हता, पटाशी चुकीच्या कोनात धरली होती. धाकट्यांनी तसं लगेच कबूल केलं. थोरले म्हणाले, मीठ ठेवायला ती वाटी बरी झाली असती. काकूंनी झाडू आणला, आणि धाकट्यांनी तोवर दुसरं लाकूड चढवलं.