रेषा दिसल्या, तीच पंचाईत

तमाम वाचकहो, सावरून बसा, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवा. मी, घाटंजीतली एक साधीसुधी लॅबवाली बाई, आज अत्यंत गंभीर निवेदन करत आहे — माझ्या सख्ख्या भाचीचं रक्त एकदा चक्क खोटं बोललं.

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. अर्धं आयुष्य लोकांची बोटं टोचण्यात गेलं. रक्त म्हणजे पिवळसर पाणी, त्यात तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स. हाडांच्या मज्जेत त्यांचा कारखाना. तांबडी पेशी जेमतेम चार महिने जगते, पण नवी येते ती त्याच साच्यातून. माणूस पक्ष बदलेल, मोबाईल बदलेल... साचा बदलत नाही!

आमच्या बौद्ध घरांत पत्रिका बघत नाहीत. बघतात ते सिकलसेलचं, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचं, कार्ड. माझी भाची पायल वाहक आहे, हे ती शाळेत होती तेव्हाच कळलेलं. तिला स्वतःला काही त्रास नाही; पण नवराही वाहक निघाला, तर मूल आजार घेऊन जन्मू शकतं. म्हणून पुसदचा अक्षय पसंत पडल्यावर आधी त्याचं कॉलेजच्या शिबिरातलं कार्ड मागवलं. नॉर्मल! सगळ्यांचा जीव भांड्यात.

बोलणी करायला मंडळी माझ्याकडेच आली. चहा झाल्यावर अक्षयची आई म्हणाली, "ताई, वाहक म्हंजे पोरीले बिमारी तं नाही ना? मले नीट समजून सांगा."

समजून सांगू? मला तर रंगमंचच मिळाला! लॅब घराच्या पुढच्याच खोलीत. पायलच्या बोटाचा थेंब औषधाच्या ट्यूबमध्ये टाकला आणि ट्यूबमागे रेघांचा कागद धरला. "आता बघा, वाहकाचं रक्त आहे, पाणी गढूळ होईल आणि रेषा गायब!"

रेषा दिसत होत्या. लख्ख.

पुन्हा टोचलं. पुन्हा लख्ख.

"मावशी, मी बरी झाली काय वं?" पायलने हळूच विचारलं.

"गप, तशी बरी होत नसते कोणी." माझी तर शोभाच झाली होती. औषधाची पावडर दमट होऊन बिघडली असणार... पण मी हार मानणारी नव्हे. नॉर्मल माणसाची ट्यूब लख्खच येते; ती पायलच्या ट्यूबशेजारी धरली, की दोन्ही सारख्याच दाखवून दोष पावडरीवर ढकलायला मी मोकळी. "अक्षय, बोट आण इकडे."

अक्षयने दोन्ही हात मांडीखाली दडवले. "माहं कायले? माहं तं कार्ड आहे नं!"

"लेका, थेंबभर रक्त मागते, किडनी नाही." हात ओढून टोचलाच. ट्यूबवर नाव लिहिलं.

पाणी गढूळ झालं. रेषा गायब. नॉर्मल कार्डवाला चक्क वाहक!

"काहून बे?" आईने विचारलं.

अक्षय घाम पुसत म्हणाला, "मले सुईची भीती वाटते, आई... शिबिरात माह्या नावानं दोस्तानं बोट देल्लं होतं."

मी लगेच पायलचं तिसऱ्यांदा टोचलं. तीच पावडर, तीच मी. गढूळ! रेषा पार पुसलेल्या.

दोघांचे नमुने यवतमाळला मोठ्या तपासणीला पाठवले. तिथेही दोघं वाहक. पायलची ट्यूब पहिल्यांदाच गढूळ झाली असती, तर अक्षयला टोचायचं मला सुचलंच नसतं. मग त्या दोन लख्ख ट्यूबा कशा आल्या? औषध बिघडलं म्हणावं तर तेच पुढे चाललं. माझी चूक म्हणावी... तर मी नीट आठवून पाहिलंय, चूक सापडत नाही.

रिपोर्ट आले त्या दिवशी मंडळी पुन्हा जमली. मी दोघांना आडपडदा न ठेवता सांगितलं — दर बाळंतपणाला चारात एक धोका. मात्र सुरुवातीच्या महिन्यांतच पोटातल्या बाळाची तपासणी होऊ शकते. पायलने अक्षयकडे असं रोखून पाहिलं की सुई परवडली.

"लगन याच्यासंगंच करीन," ती म्हणाली. "पण दिवस गेले की आधी तपासणी. अन् सुईले घाबरून पुन्हा खोटं बोलला, तं मी त्याच पावली परत."

अक्षयने मुकाट मान हलवली. त्याची आई पायलकडे पाहतच राहिली आणि पदर सावरत एकदम ओरडली, "अवं माय! लग्नाच्या आधीच पोरीच्या रक्तानं माह्या पोराले उघडं पाडलं, मंग लग्न झाल्यावर हे काय काय करन!"